लूपमध्ये पंख मोडला: आता स्पार जाड करू की कार्बन घालू?

तुमचा प्रश्न वाचला, फोटोही मोठे करून पाहिले. नंतर येणाऱ्यांसाठी हकिगत थोडक्यात सांगतो. रिमोटवर उडणाऱ्या फोमच्या विमानांवर हात बसल्यावर तुम्ही प्लॅनवरून पहिलं बाल्साचं (हलक्या लाकडाचं) हायविंग ट्रेनर, म्हणजे पंख वर बसवलेलं शिकाऊ विमान, बांधलं. पंख टोकापासून टोकापर्यंत १५०० मिमी, रुंदी सगळीकडे २५० मिमी, सेक्शन (पंखाच्या छेदाचा आकार) क्लार्क वाय, विमानाचं वजन बॅटरीसकट २ किलो. स्पार, म्हणजे पंखाच्या लांबीत जाणारा कणा, वर एक आणि खाली एक अशा ६×६ मिमीच्या बाल्साच्या पट्ट्यांचा. पुढच्या भागाला शीटिंग (पातळ बाल्साचा थर) नाही, रिबवर, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळ्यांवर, थेट कव्हरिंग (इस्त्रीने आवळायचं पातळ आवरण). साध्या चकरा नीट झाल्या, फक्त उतरवताना वेग कमी केला की डावा पंख पडायचा. मग लूप (हवेत उभी गोल कोलांटी) घेतला आणि तळाशी येताना उजवा पंख वर दुमडून मोडला. आता नव्या पंखात १०×१० चे स्पार घालावेत की मधून ६ मिमीची कार्बनची नळी टाकावी, असं तुम्ही विचारताय.

माझ्या मते दोन्ही नको. तुमच्या पंखात लाकूड कमी नव्हतं. होतं ते एकमेकांना बांधलेलं नव्हतं. आणि डावा पंख पडण्याचा प्रश्न तुम्ही जाता जाता लिहिलाय, पण नवा पंख बांधताना तोही सोबतच सोडवायला हवा, नाहीतर मजबूत पंख घेऊन विमान उतरताना पडेल.

आधी मोडलेली जागा वाचू. तुमच्या जवळून काढलेल्या फोटोत खालच्या स्पारचं टोक लांब फाकांनी उसवलेलं दिसतं. वरच्याचं टोक मात्र आखूड आहे, धागे चुरडून एकमेकांत घुसलेत आणि कडेला आडवी सुरकुती उठलीय. याचा अर्थ वरचा स्पार आधी गेला, दाबाने, आणि मग खालचा ताणाने फाटला. हवा पंखांना वर उचलते आणि फ्यूजलाजचं (विमानाच्या धडाचं) वजन मधोमध खाली ओढतं, त्यामुळे वरचा स्पार दाबला जातो, खालचा ताणला जातो. धाग्यांच्या दिशेने लाकूड जेवढा ताण सोसतं तेवढा दाब सोसत नाही, म्हणून सुरुवात बहुतेक वेळा वरूनच होते. दुसरी खूण म्हणजे मोड मधोमध नाही. मधल्या रिबपासून मोजलं तर तिसऱ्या रिबपाशी, १५० मिमीवर आहे. पंखाच्या दोन बाजू मधे जोडणारा तुमचा प्लायचा जोड चौकोनी कापून नेमका तिथेच संपवलाय.

आता थोडा हिशेब, कारण ‘मजबूत’ म्हणजे किती हे ठरल्याशिवाय लाकडाची चर्चा करण्यात अर्थ नाही. सरळ उडताना प्रत्येक बाजू १ किलो उचलते. लूपच्या तळाशी वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किमी, आणि वळणाची त्रिज्या १० मीटर धरली तर पंखावरचा भार वजनाच्या साधारण ५ पट होतो. प्रत्येक बाजूला ५ किलो. तोच लूप सूर मारून ताशी १०८ किमीने घेतलात तर भार १० पटीच्या आसपास जातो. म्हणून एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप) किती ओढता आणि थ्रॉटल (मोटरचा जोर) कुठे ठेवता, यावर सगळं अवलंबून आहे. नुसत्या चकरा मारणाऱ्याला आणि रोज लूप घेणाऱ्याला एकच पंख सुचवता येत नाही.

तुमचे ५ किलो एका बाजूवर पसरलेले असतात, पण त्यांचा मध्य मधोमधपासून ३३ सेंमीच्या आसपास धरता येतो. त्यामुळे मुळाशी वाकवणारा जोर १६५ किलो-सेंमी होतो आणि तिसऱ्या रिबपाशी साधारण १०० उरतो. क्लार्क वायची जाडी रुंदीच्या ११.७ टक्के, म्हणजे तुमच्याकडे २९ मिमी. ६ मिमीचे स्पार वर-खाली बसवले की त्यांच्या मध्यांमधलं अंतर २३ मिमी. १०० भागिले २.३, म्हणजे प्रत्येक स्पारवर ४४ किलोच्या घरात जोर, तोही ३६ चौरस मिमीच्या पट्टीवर. चौरस सेंटिमीटरला १२० किलो झाले. घनमीटरला १६० किलो घनतेचा बाल्सा १५० च्या आसपास चुरडतो, हलका असेल तर त्याच्या बराच आधी. म्हणजे ५ पट भाराला तुमचे स्पार कसेबसे तरले असते.

पण हे १२० सुद्धा दोन्ही स्पार एकमेकांना घट्ट जोडलेले असतील तरच. दोनशे पानी वही वाकवून बघा. सहज वाकते, आणि कडेला पानं एकमेकांवर सरकलेली दिसतात. तीच पानं एकमेकांना खळीने चिकटवली तर पुठ्ठा होतो आणि वाकायचं नाव घेत नाही. तुमचे दोन स्पार फक्त दर ७५ मिमीवर, रिबपाशी, एकमेकांना धरून होते. मधल्या खणात दोघे सुटे. तिथे प्रत्येक पट्टी स्वतंत्रपणे वाकते आणि त्या वाकण्याचा जोर रिबच्या तोंडाशी चौरस सेंटिमीटरला आणखी २०० किलोच्या आसपास भरतो. बेरीज ३२०. बाल्सा त्याच्या अर्ध्यालाच संपतो. तुमचा पंख लूपमध्ये मोडला याचं नवल नाही, त्याआधीच्या उभ्या वळणात कसा टिकला याचं आहे.

हे दोन स्पार जोडणारा जो उभा पातळ पडदा, तो वेब. प्लॅनवर तो बहुतेक असेलच. कडेच्या एका छोट्या छेदचित्रात दाखवलेला असतो आणि वरून पाहताना दिसत नाही, त्यामुळे पहिल्या बांधणीत हमखास सुटतो. प्रत्येक खणासाठी बाल्साचा वेगळा तुकडा कापायचा, दोन रिबमध्ये बसेल इतका रुंद, आणि स्पारच्या मागच्या किंवा पुढच्या बाजूला वरपासून खालपर्यंत चिकटवायचा. धागे उभे हवेत, स्पारला काटकोनात. आडवे ठेवून लांबच लांब एकच पट्टी लावण्याचा मोह होतो, कापाकापी वाचते ना. पण पंख वाकला की दोन्ही स्पार एकमेकांकडे ओढले जातात आणि आडव्या धाग्याचा वेब रेषेवर चिरतो. उभे धागे त्यांना खांबासारखे अडवून धरतात.

मापं सांगायची तर मधल्या चार-पाच खणांत ३ मिमी, नंतर २, टोकाकडे १.५. शेवटच्या दोन खणांत नसला तरी चालतो. पहिल्या दोन खणांत स्पारच्या दोन्ही बाजूंनी लावा, पेटीच तयार होते. सगळ्या पंखाचा वेब मिळून वजन दहा-बारा ग्रॅम.

१०×१० ने काम भागलं असतं का? खोटं कशाला सांगू, ५ पट भाराला भागलं असतं. पण तीसेक ग्रॅम वाढतात, स्पारच्या मध्यांमधलं अंतर २३ वरून १९ मिमी होतं, आणि २९ मिमीच्या रिबला वर-खाली १० मिमीच्या खाचा पाडल्यावर मधे उरतं ९ मिमी. खाचेपाशी रिब बोट लागून मोडते.

त्यापेक्षा स्पार ६×६ च ठेवा, फक्त पाइनचे करा. मॉडेलवाल्यांचं आवडतं लाकूड स्प्रूस, पण आपल्याकडे ते सहज मिळत नाही. स्वच्छ, सरळ धाग्याचा, बिनगाठीचा पाइन चालतो. दाबाला मध्यम बाल्साच्या दुपटीहून जास्त टिकतो, आणि वजन वाढतं ते १०×१० बाल्साइतकंच. सुताराकडून पट्ट्या काढून घेण्याआधी फळीच्या टोकाचा एक तुकडा करवतीने न कापता पटाशीने फोडून पाहा. फाक फळीच्या कडेला समांतर गेली तर घ्या, तिरकी बाहेर पडली तर सोडा. खोक्यांचा पाइन स्वस्त मिळतो, पण त्यातून दीड मीटरच्या बिनगाठीच्या दोन पट्ट्या निघाल्या तर नशीब समजा. लूप घ्यायचेच नसतील तर भारी बाल्सा आणि वेब पुरे.

कार्बनच्या नळीबद्दल. माल उत्तम, जागा चुकीची. दोन स्पारच्या बरोबर मधे, पंखाच्या अर्ध्या जाडीवर, ताणही नसतो आणि दाबही नसतो. ६ मिमी बाहेरची आणि ४ मिमी आतली नळी तिथे टाकली तर नीट जोडलेल्या दोन बाल्सा स्पारच्या ताठपणात साधारण पाचव्या हिश्श्याची भर पडते, बस. कार्बन वापरायचाच असेल तर पातळ चपटी पट्टी घ्या आणि मधल्या अर्ध्या लांबीत वरच्या स्पारच्या बाहेरच्या अंगाला अॅराल्डाइटने चिकटवा, आधी पॉलिश पेपरने चमक मारून. पट्टी कापताना, घासताना तोंडाला मास्क लावा, ती धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका.

प्लायचा जोड ३ मिमीचाच ठेवा, फक्त टोकं निमुळती करा. जोड चौकोनी संपला की त्याच्यापर्यंत पंख ताठ आणि पुढे एकदम लवचिक, सगळा वाक त्या एका रेषेवर गोळा होतो. स्पारच्या मागे आणि पुढे असे दोन जोड असतील तर एक दुसऱ्या रिबपाशी संपवा आणि दुसरा चौथ्यापाशी. बाहेरच्या थराचे धागे पंखाच्या लांबीत हवेत. डायहेड्रल (पंखांचा टोकाकडे वर उचललेला कोन) मोजायला कोनमापक नको. एक बाजू बोर्डवर सपाट टाचून दुसरीचं टोक उचला. बाजू ७५० मिमीची आणि डायहेड्रल प्रत्येकी ४ अंश असेल तर ते टोक बोर्डपासून १०५ मिमी वर येतं. तेवढ्या उंचीचा लाकडी ठोकळा ठेवला की झालं. शेवटी मधोमध वर-खाली ५० मिमी रुंद ग्लासक्लॉथची (काचतंतूच्या कापडाची) पट्टी इपॉक्सीने गुंडाळा.

आता डावा पंख. कमी वेगात नेहमी एकाच बाजूला पडत असेल तर मला आधी पिळाचा संशय येतो. उरलेला डावा भाग सपाट टेबलावर ठेवून बघा. मुळाशी मागची कड टेबलाला टेकवून दाबली असता टोकाशी पुढची कड जास्त वर राहत असेल, तर टोक मुळापेक्षा जास्त कोनात हवेला भिडतंय आणि आधी स्टॉल होतंय, म्हणजे उचल सोडतंय. आपल्याला उलट हवं. मूळ आधी स्टॉल व्हावं आणि टोकाला एलेरॉन (विमान कडेला कलवणारी मागच्या कडेची झडप) चालू राहावा. त्यासाठी टोकाला दोनेक अंश वॉशआउट, म्हणजे टोकाचा कोन कमी करणारा पीळ, देतात. २५० मिमी रुंदीला ते ९ मिमी होतात, म्हणजे टोकाशी मागच्या कडेखाली ९ मिमी आणि मुळाशी शून्य अशी लांब निमुळती पाचर. दोन्ही बाजूंना एकाच पट्टीतून कापलेली पाचर वापरा. एका बाजूला २ आणि दुसरीला ३ अंश होण्यापेक्षा दोन्हीकडे दीड बरं.

पण पाचर ठेवून बांधलं तरी तुमच्यासारखा उघडा सांगाडा पीळ धरून ठेवत नाही. कव्हरिंग आवळताना इस्त्री जिकडे जास्त फिरते तिकडे तो वळतो. उपाय म्हणजे लीडिंग एजपासून (पुढच्या कडेपासून) स्पारपर्यंत वर-खाली १.५ मिमी बाल्साचं शीटिंग. मागून वेब, वर-खाली शीट, पुढे लीडिंग एज, अशी बंद पेटी झाली की पंख पिळला जात नाही. चाळीसेक ग्रॅम लागतात. रिबचा पुढचा भाग वरून-खालून १.५ मिमी तासून घ्यायला विसरू नका, नाहीतर स्पारपाशी पायरी येते. वेब, पाइन, शीट सगळं धरून ७५-८० ग्रॅम वाढतील. तुमचा विंग लोडिंगचा (पंखाच्या क्षेत्रफळामागे वजनाचा) आकडा चौरस डेसिमीटरला ५३ ग्रॅमवरून ५५ वर जाईल. उतरताना हा फरक कळणारही नाही.

बांधणीचा क्रम इथे फार महत्त्वाचा. क्लार्क वायचं पोट ३० टक्क्यांपासून मागे सपाट असतं, म्हणून ते बोर्डवर थेट टाचून बांधता येतं. १९२२ चं हे सेक्शन लिंडबर्गच्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’लाही होतं आणि आजही पहिल्या पंखाला मी तेच सुचवतो. बोर्ड खरोखर सपाट हवा. प्लायला पोक येतो, म्हणून मी जाड काचेवर पिनबोर्ड टाकतो. प्लॅनवर पारदर्शक प्लास्टिक, त्यावर खालचा स्पार टाचण्यांनी, खाली पाचर, मग रिब एकेक गुण्या लावून, मग वरचा स्पार, मग वेब, लीडिंग आणि ट्रेलिंग एज, मग वरचं शीटिंग. इतकं होईपर्यंत पंख बोर्डवरून उचलायचा नाही, वाळत असताना तर मुळीच नाही. खालच्या शीटिंगसाठी उलटा केलात की वॉशआउट राहील अशा पाचरी पुन्हा द्या, कारण हे शेवटचं शीट चिकटलं की पंखाचा पीळ कायमचा ठरतो. चांगला असो वा वाईट.

बाल्सा निवडायला वजनकाटा पुरतो. १००० × १०० मिमीची १.५ मिमी शीट १५ ग्रॅम भरली तर घनता १००, २४ भरली तर १६०. दुकानात एकाच गठ्ठ्यात दोन्ही सापडतात. हलकी शीटिंगला, मधली वेबला आणि रिबला. दुसरी गोष्ट, शीट रुंदीत हलकेच वाकवून पाहा. सहज गोल होते ती लीडिंग एजवर गुंडाळायला. रुंदीत ताठ राहते, अंगावर बारीक चमकदार ठिपके दिसतात, ती रिबला. ठिपक्यांची शीट गोल करायला गेलात तर मधून तडकते.

डिंकाबद्दल लोक तावातावाने भांडतात. मी वेब आणि स्पार पांढऱ्या फेविकॉलने लावतो, कारण सरकवून नीट बसवायला वेळ मिळतो आणि सांधा थोडा लवचिक राहतो. रिब जागेवर धरायला फेविक्विकसारखा झटपट डिंक ठीक, पण फट असेल तर तो भरत नाही. शीटिंगच्या दोन शीटमधला सांधा मात्र झटपट डिंकाने केलात तर घासताना बाजूचं बाल्सा झिजतं आणि डिंकाची कड वर उरते. तुम्ही चिपळूणला आहात, पावसाळ्यात फेविकॉल रात्रभर वाळू द्या, आणि पातळ शीटवर तो भरमसाठ फासू नका. पाण्याने शीट फुगते आणि वळते. उरलेलं बाल्सा सपाट ठेवून प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवा.

कव्हरिंगआधी चाचणी घ्या. विमान जोडून दोन्ही टोकांखाली हात घालून वर उचला, सोबत कुणीतरी असू द्या. टोकांवर उचलल्याने मुळाशी सरळ उड्डाणाच्या सव्वादोन पट भार येतो आणि तुमच्या मोडलेल्या जागी तिप्पट. आता फ्यूजलाजमध्ये, पंखाखाली, दीड लिटरची पाण्याची बाटली घाला आणि पुन्हा उचला. तिसऱ्या रिबपाशी ५ पटीच्या थोडं वर गेलात. पंख एकसारख्या कमानीत वाकला पाहिजे. कुठे कोन दिसला किंवा ‘कट्’ आवाज आला, तर खाली ठेवून तिथला वेब तपासा. सांगाडा उघडा आहे तोवर दुरुस्ती अर्ध्या तासाची.

आणि कव्हरिंग चढवण्याआधी एलेरॉन हलवणाऱ्या सर्व्होच्या (छोट्या मोटरच्या) वायरसाठी रिबच्या भोकांतून एक दोरा ओवून ठेवा. नंतर ती वायर ओढायला पंख हलवत बसावं लागतं.